आतेचा पत्ता

आमच्या माळ्यावर पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. तिच्यात आजोबांच्या वेळेपासूनची पत्रे आहेत. पिवळी पडलेली पोस्टकार्डे, निळी अंतर्देशीय पत्रे, मनिऑर्डरीच्या तळाशी मजकुरासाठी सोडलेली आणि पोस्टमनने फाडून दिलेली चिठोरी. इतर लोक पत्र वाचतात. मला का कोण जाणे, पत्त्याची बाजू वाचायचा नाद लागला. 'मु. पो. विजयदुर्ग, ता. देवगड, जि. रत्नागिरी' असे ठसठशीत अक्षरात लिहिलेले असे. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, पण आमच्या चाकरमान्यांची बोटे रत्नागिरीला इतकी सरावलेली की त्यापुढची कित्येक वर्षे त्यांच्या पत्रांतला जिल्हा काही बदलला नाही. पत्रे मात्र बिनचूक येत. त्याआधीच, १५ ऑगस्ट १९७२ पासून, पिनकोड सुरू झाला होता. तो टपालखात्यातल्या श्रीराम भिकाजी वेलणकर या अधिकाऱ्याने बसवला, आणि हे गृहस्थ संस्कृतात कविता आणि नाटके लिहीत. सारा देश सहा आकड्यांत बसवणारा माणूस संस्कृत कवी असावा, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. आमच्या पत्रांवर मात्र ते आकडे दिसायला आणखी दहा वर्षे जावी लागली.

या पत्त्यांत एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. साऱ्या ट्रंकेत बाईच्या नावाने आलेले पत्र नाही. आजी होती, दोन चुलत आज्या होत्या, आते होती. पण पत्र यायचे ते 'रा. रा.' कुणालातरी. आतेची सासरची पत्रेही याच ट्रंकेत आहेत. तिचे यजमान मुंबईत गिरणीत होते. ते पत्र लिहीत ते आपल्या वडिलांच्या नावे. बायकोच्या नावाने पत्र टाकणे त्या काळी आमच्याकडे बरे दिसत नसे. पाऊसपाणी, गुरे, देणेघेणे असे सगळे विचारून झाले की शेवटी एक ओळ असे, 'घरातील सर्वांस यथायोग्य'. त्या यथायोग्यात आपल्या वाटणीचे किती, ते ज्याचे त्याने काढून घ्यायचे. आते सातवी शिकलेली. वाचता उत्तम येई. तरी पत्र आधी सासरे वाचत, मग दीर मोठ्याने वाचून दाखवी, आणि सगळ्यांची पांगापांग झाल्यावर, चुलीशी कुणी नसेल तर, ती ते पुन्हा वाचायची. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, मनिऑर्डरी थांबल्या, आणि पुढे यजमान स्वतःच गावी येऊन राहिले. मग पत्रांचे कारणच उरले नाही.

मघाशी म्हटले त्याला अपवाद एक. यजमान गेल्यानंतर त्यांच्या हिशेबाबाबत गिरणीकडून एक रजिस्टर आले. त्यावर 'श्रीमती' म्हणून आतेचे पूर्ण नाव होते. तिच्या नावाने घरी आलेले ते पहिले टपाल. पोस्टमनने सही मागितली तेव्हा तिचा हात थांबला होता, असे ती एकदा सांगत होती. सही येत नव्हती म्हणून नव्हे.

मूलबाळ नव्हते. आजी आजारी पडली तेव्हा आते तिच्या सेवेला म्हणून माहेरी आली आणि राहिली. आज तिला अडुसष्ट वर्षे पूर्ण झाली आहेत. परसातल्या हापूसच्या कलमांना शेण घालणे, मोहोर आला की फवारणीवाल्याच्या मागे लागणे, पेटीत गवत अंथरून आंबा लावणे, हे सारे तीच करते. बाबा तिचे धाकटे भाऊ. मोठे काका मुंबईला असतात. आता हे घर कुणाचे, असे जर कुणी गावात विचारले तर लोक आतेकडे बोट दाखवतील. सातबारा मात्र बोट दाखवत नाही. तो नावे दाखवतो, आणि कोकणातल्या सातबाऱ्यावर नावांची जत्रा भरलेली असते.

आता ईमेलकडे येते.

आमच्या घरात ईमेलचा पत्ता एकटा माझा. अकरावीच्या प्रवेशाला तो लागला, मग शिष्यवृत्तीच्या फॉर्मला लागला, आणि हळूहळू सारे घरच त्यात राहायला आले. विजेचे बिल माझ्याकडे, बाबांच्या विम्याची पावती माझ्याकडे, मुंबईच्या गिऱ्हाइकांच्या आंब्याच्या ऑर्डरी माझ्याकडे, गॅसची नोंदणी माझ्याकडे. एका वर्षी तर वाडीतल्या तीन घरांची कामे माझ्या पत्त्यावर चालली होती. पूर्वी एकाच्या दुकानात सगळ्या वाडीची पत्रे टाकून पोस्टमन पुढे जात असे, तसे माझे झाले होते. पिशवी तेवढी दिसत नव्हती.

गेल्या आषाढात त्या पिशवीत एक कागद आला. काकांच्या वकिलांनी पाठवलेला मसुदा. वर शीर्षक, 'हक्कसोडपत्र'. लिहून घेणार दोघे भाऊ, लिहून देणार आते. पाठोपाठ काकांचा फोन आला, "गो, तुझ्याकडे कागद पाठवलेत, ते आतेला वाचून दाखव आणि विजयादशमीला मी येतो तेव्हा आपण रजिस्टर करून टाकू."

काकांविषयी वाकडे लिहावे असे मला वाटत नाही, कारण ते तसे नाहीत. घराची मागची बाजू दोन पावसाळ्यांपासून ओल धरते आहे. दुरुस्तीला कर्ज काढायचे तर बँकेला नावे मोजकी लागतात. आते कुठे जाणार आहे, घर तिचेच आहे, असे ते म्हणतात आणि मनापासून म्हणतात. कोकणात अशी हक्कसोडपत्रे घरोघर होतात. बहिणी सह्या करतात, भाऊ साडी घेतात, माहेरचा दरवाजा उघडा राहतो. ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे, आणि त्या दिवशी वडील हयात असायलाच हवेत असे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सांगितले, हे आम्ही वर्गात शिकलो. पण वर्गात शिकलेले आणि पडवीत वाचायचे यांत अंतर असते.

मी वाचून दाखवले. आते फणसाच्या आठळ्या सोलत बसली होती. 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' हे शब्द आले तेव्हा तिने एकदा वर पाहिले. वाचून झाले. बराच वेळ आठळ्यांचाच आवाज येत राहिला. मग तिने विचारले,

"ह्यो कागद कोणाच्या नावार इलो?"

"माझ्या."

"कागद माझो आणि तुझ्या नावार?"

मी म्हटले, आते, तुझा ईमेल नाही ना, म्हणून. त्यावर ती काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजला निघाले, एस.टी.ची वेळ झाली होती, तेव्हा ती खळ्यापर्यंत आली आणि म्हणाली, "सांजेक इलंस काय माका तुझ्यासारखो पत्तो करून दी."

संध्याकाळी आम्ही दोघी बसलो. आतेकडे जो फोन आहे तो काकांच्या मुलाने, म्हणजे आमच्या दादाने, नवा घेतल्यावर तिला दिलेला. उघडून पाहते तर खाते दादाचे! फोन दिला पण त्यातले खाते काढायचे तो विसरला होता. आतेने वर्षभर कलमांचे, कोंबडीच्या पिलांचे, गणपतीच्या मखराचे जे फोटो काढले ते सारे मुंबईला दादाच्या संग्रहात निमूट जाऊन बसत होते. तिला हे सांगितले तेव्हा ती आधी हसली. मग तिचा चेहरा जरा बदलला. "म्हणजे ह्या घरातला सगळाच थंय दिसता?" म्हणाली.

दादाला फोन केला. त्या बिचाऱ्याला काही पत्ताच नव्हता. म्हणाला, लगेच काढून टाक. इथे वाचकांना एक उपयोगाची गोष्ट सांगून ठेवते. जुना फोन कुणी दिला तर तो पुसून कोरा करण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन आधीच्या माणसाचे खाते काढून टाकावे. उलट क्रमाने केले, म्हणजे खाते तसेच ठेवून भलत्या वाटेने फोन कोरा केला, तर उघडताना तो त्या जुन्या खात्याचाच पासवर्ड मागत बसतो. चोराने पळवलेला फोन चोराला वापरता येऊ नये म्हणून ही कडी आहे. चोर नसलेल्या आत्यांनाही ती लागते. आम्ही आतेचे फोटो आधी माझ्या फोनमध्ये घेतले, दादाचे खाते काढले आणि मग फोन कोरा केला.

मग नवे खाते. पहिलाच प्रश्न नावाचा. मला वाटले होते ही सर्वांत सोपी पायरी. आतेला नावे दोन आहेत. माहेरचे एका फुलाचे, आणि लग्नात ताटातल्या तांदळांवर अंगठीने लिहिले गेलेले, नदीचे. आधार कार्डावर नदी आहे, मधे यजमानांचे नाव, शेवटी सासरचे आडनाव. फुलाच्या नावाने तिला आता हाक मारणारे गावात दोघेतिघेच उरले आहेत. मी कार्ड पाहून नदीचे नाव घालू लागले तर तिने हात धरला. "फॉर्म सरकारचो हा?" म्हणाली. म्हटले, नाही. "मगे माझा घाल." माझे म्हणजे कोणते, ते विचारावे लागले नाही. त्याखाली आडनावाची चौकट होती आणि तिच्यापुढे 'ऐच्छिक' असा शब्द होता. आतेने तो दोनदा वाचून घेतला. शाळेच्या दाखल्यापासून रेशनकार्डापर्यंत आयुष्यात जे जे फॉर्म तिच्यापुढे आले त्यांत बापाचे नाहीतर नवऱ्याचे नाव घातल्याशिवाय पुढे सरकता येत नव्हते. इथे सरकता येत होते. चौकट तिने रिकामी ठेवली. हा बदल कुणी बाईमाणसाचा विचार करून केला असेल असे मला मुळीच वाटत नाही. जगात आडनाव नसलेली पुष्कळ माणसे आहेत, त्यांच्यासाठी तो असावा. पण आमच्या पडवीत त्याचा असा उपयोग झाला.

जन्मतारीख एक जून. आतेच्या पिढीतली निम्मी माणसे एक जूनला जन्मली आहेत, कारण जूनमध्ये शाळेत नाव घालताना मास्तर तीच तारीख मांडून टाकत. खरा जन्म शिमग्याच्या तोंडावरचा, असे आजी सांगायची.

मग पत्ता. आतेचे म्हणणे, मराठीत कर. ते काही जमले नाही. देवनागरीत ईमेलचा पत्ता असू शकतो, '.भारत' हे नावही २०१४ पासून आहे, आणि देवनागरी पत्त्यांवर पत्र पाठवण्याची सोय जीमेलने त्याच वर्षी केली. पण जीमेलचा स्वतःचा पत्ता मात्र इंग्रजी अक्षरांतच काढावा लागतो. म्हणून फुलाचे नाव इंग्रजीत लिहिले. यंत्र म्हणाले, हे आधीच कुणीतरी घेतले आहे. "कोणी घेतल्यान?" आतेने विचारले, जणू ती बाई वाघोटणला राहते आणि जाऊन विचारता येईल. पुढे विजयदुर्ग जोडून पाहिले, तर ते फार लांब झाले आणि तिला त्यातली अक्षरे एकामागून एक सांगता येईनात. यंत्र आपल्या मनाने नावाच्या शेपटाला आकडे चिकटवून देत होते, पण आतेला ते कैद्याच्या नंबरासारखे वाटले. शेवटी तिलाच सुचले. आमच्या गावाचे जुने नाव घेरिया. इंग्रजांच्या कागदांत ते सापडते. १७५६ साली वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी आंग्र्यांकडून किल्ला घेतला तो घेरियाचाच. फुलाचे नाव आणि घेरिया. कुणीही घेतले नव्हते! अडीचशे वर्षांपूर्वीचा पत्ता असा मोकळा सापडला.

नावानंतर जे वाटोळे चिन्ह येते, त्याला आमच्याकडे सगळे 'अ‍ॅट द रेट' म्हणतात. आतेने ते पाहताच ओळखले. "ह्या तर पेटयेच्या बिलार असता." आंब्याच्या हिशेबात 'इतक्या पेट्या, दर इतका' लिहिताना दलाल तेच चिन्ह काढतात, आणि मुळात ते व्यापाऱ्यांचेच आहे. १९७१ मध्ये अमेरिकेत रे टॉमलिन्सन नावाच्या अभियंत्याने एका यंत्रावरून दुसऱ्या यंत्रावर पहिला निरोप पाठवला तेव्हा माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव वेगळे दाखवायला त्याला असे चिन्ह हवे होते की जे कुणाच्या नावात येत नाही. टंकाच्या पाटीवर ते पडून होते. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत शेजारी शेजारी होती, आणि त्या पहिल्या पत्रात काय लिहिले होते हे पुढे त्याला स्वतःलाही आठवेना. इतक्या मोठ्या गोष्टीचा आरंभ असा विसरून जाण्याजोगा असावा, हे मला आवडते. आपल्याकडे सामान्य माणसाला इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी पुढच्याच वर्षी हॉटमेल काढले. जीमेल आले १ एप्रिल २००४ ला, आणि तारीख पाहून पुष्कळांना ती थट्टाच वाटली.

पासवर्डापाशी आम्ही खरे म्हणजे अडलो. निदान आठ अक्षरे हवीत, त्यांत आकडे असावेत, जन्मतारीख नको, घरच्यांची नावे नकोत. हे सगळे मी समजावले आणि टंकायला फोन माझ्याकडे ओढला, कारण इंग्रजी अक्षरे शोधायला आतेला वेळ लागतो. आतेने फोन दिला नाही.

"तुका कळला तर ता माझा कसा?"

मी म्हटले, मी कुणाला सांगणार आहे? ती म्हणाली, "तू सांगूचं नाय. पण कोण विचारीत तर तुका खोटा बोलाक लागात. नको ता."

म्हणून मी उठून खळ्यात जाऊन उभी राहिले. तुळशीपाशी पावसाचे पाणी साचले होते. आतून आतेचा आवाज येत होता, ती प्रत्येक अक्षर पुटपुटत शोधत होती, म्हणून मी आणखी थोडी पुढे, विहिरीपर्यंत गेले. चांगला पाऊण तास लागला. दोनदा शब्द जुळले नाहीत म्हणून यंत्राने परत पाठवले. तिसऱ्यांदा तिने मला हाक मारली तेव्हा तिच्या कपाळावर घाम होता आणि चेहरा दहावीचा पेपर सोडवून आलेल्या मुलीसारखा. शब्द कोणता, तो मला आजही ठाऊक नाही. तो तिने कुठे लिहून ठेवला असेल तर ते ठिकाणही ठाऊक नाही. कुळथाच्या डब्याविषयी माझा संशय आहे, पण मी पाहिलेले नाही.

आता फक्त सहा आकडे यायचे होते, आणि नेमके तेव्हा नेटवर्क गेले. पावसाळ्यात आमच्या वाडीत हे नित्याचे आहे. वीज गेली की तासाभरात टॉवरही मान टाकतो. आकडे थोड्याच वेळात शिळे होतात, पुन्हा मागवावे लागतात. आते म्हणाली, बंदरार जाव्या, थंय मिळता. दोघी छत्री घेऊन निघालो.

बंदरावर पाऊस ओसरला होता. समोर किल्ला, त्याच्या तटाला पाणी आपटत होते. होड्या वर ओढलेल्या, झापांनी झाकलेल्या. मुंबईहून येणाऱ्या बोटी बंद होऊन किती वर्षे झाली! आते लहान होती तेव्हा टपालाच्या पिशव्या बोटीतून उतरताना पाहायला पोरे इथे जमत. आम्ही आकड्यांची वाट पाहत उभ्या राहिलो. मला किल्ल्यातले साहेबाचे कट्टे आठवले. गावात सांगतात की १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला लॉकियर साहेब इथे आला आणि त्या कट्ट्यांवर दुर्बीण रोवून त्याने हेलियम शोधला. ग्रहणाची सावली आमच्या किनाऱ्यावरून गेली हे खरे. पण लॉकियर त्या वेळी इंग्लंडातच होता. इकडे भारतात, गुंटूरला, जानसेन नावाचा फ्रेंच शास्त्रज्ञ होता. सूर्याच्या कडेच्या ज्वाला ग्रहण नसतानाही पाहता येतात, ही युक्ती त्याला त्या ग्रहणात सापडली. ती त्याने सप्टेंबरमध्ये पत्राने पॅरिसला कळवली. पत्र बोटीने निघाले. तिकडे ऑक्टोबरात लॉकियरला तीच युक्ती स्वतंत्रपणे साधली आणि त्यानेही पॅरिसला लिहिले. दोन्ही पत्रे तिथल्या विज्ञान अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबर १८६८ ला, पोचली. फ्रेंचांनी पुढे एकाच पदकावर दोघांचेही चेहरे कोरले. गावातली गोष्ट खोटी ठरली तरी मला ही खरी गोष्ट तिच्याहून सरस वाटते, कारण तिच्यात पत्राला वेळ लागतो. जानसेनचे पत्र चार दिवस उशिरा पोचते तर?

हे मी आतेला सांगत होते. तिने सगळे ऐकले आणि म्हणाली, "पत्र त्याच्याच नावार गेला ना? मगे बरा."

तेवढ्यात फोन वाजला. सहा आकडे आले होते. तिने ते मोठ्याने वाचले, मी चष्मा पुसून दिला, तिने एकेक करून घातले. यंत्राने मग विचारले की पासवर्ड विसरलात तर उपयोगी पडावा म्हणून दुसरा कुणाचा ईमेल द्यायचा आहे का. हाताशी माझाच होता. आतेने ती पायरी वगळली. क्षणभर मला वाईट वाटले हे लपवत नाही. मग नियम आणि अटींचे लांबलचक पान आले. आतेला ते वाचायचे होते. चार ओळी वाचल्या आणि म्हणाली, "ह्या वकिलान लिवलेला दिसता." मान्य केले आणि खाते झाले.

घरी येऊन मी तो मसुदा माझ्याकडून तिच्याकडे पुढे पाठवला. तिच्या पेटीतले पहिले पत्र तेच. खाते उघडल्याबद्दलचे कंपनीचे अभिनंदन आधी आले होते, पण आते त्याला पत्र मानत नाही.

पुढचे चारपाच दिवस ती तो कागद वाचत होती. दोन बोटांनी अक्षर मोठे करायचे, एक ओळ वाचायची, थांबायचे. मला फक्त शब्दांचे अर्थ विचारी. 'निर्वेध' म्हणजे काय? 'वंशपरंपरागत' कळले, पण 'वारस, मुखत्यार, अभिहस्तांकिती' यांतले शेवटचे कोण? मी कोश पाहून सांगितले. एकदा भाकरी थापता थापता एकदम म्हणाली, "घर तुझाच म्हणतत. माझाच हा तर माझा नाव कित्याक काढतत?" बाबा तिथेच जेवत होते. त्यांनी ताटातले बोट थांबवले आणि मग आमटी मागितली. बाबांची ही रीत आहे. त्यांना बोलायचे असते तेव्हा ते आमटी मागतात.

उत्तर कसे लिहायचे ते तिला शिकवायला मला फार वेळ लागला नाही. फोनवर बोटाने मराठी लिहिले तर यंत्र ते ओळखून छापील अक्षर करते, ही सोय तिला फार मानवली. तिचे अक्षर सातवीतले, गोल, शिरोरेषा ओढून पक्की केलेले. यंत्राने तिचा 'ळ' पहिल्या झटक्यात ओळखला तेव्हा ती खूश झाली. विषयाची चौकट तिला पटली नाही. "विषय हापिसातली माणसा लिवतत," म्हणाली. आणि आरंभ कसा करू म्हणून विचारले, तर मी 'नमस्कार' सुचवला. तिने तो पुसून 'सा. न. वि. वि.' लिहिले. तिथवर मी पाहिले. मग तिने फोन आपल्याकडे वळवून घेतला आणि मी आत अभ्यासाला गेले.

पत्र वकिलांना गेले की काकांना, की दोघांना, तेही मला माहीत नाही. मात्र त्यानंतरच्या रविवारी काकांचा फोन मला आला. नेहमीसारखी पाऊसपाण्याची चौकशी झाली, माझ्या परीक्षेची झाली. मग जरा थांबून, मुंबईची भाषा सोडून, गावच्या भाषेत त्यांनी विचारले, "गो, तिना काय लिवल्यान ता तुका ठावूक असात ना?"

मी म्हटले, "नाही हो काका. ते पत्र तिच्या खात्यातून गेले. तुम्ही तिलाच विचारा."

पलीकडे थोडा वेळ काही ऐकू आले नाही. मग ते म्हणाले, "बरा. तिचो तो पत्तो माका सांग. अक्षरा एकेक करून सांग."

मी पडवीत जाऊन आतेला विचारले, देऊ का? ती चष्मा लावून कलमांच्या खताची यादी करत होती. "दी," म्हणाली, "पण घेरियात वाय लागता की आय, ता नीट सांग."